कुलपावरची टिकली

रामदास कुदळेच्या निवृत्तीला एकोणतीस दिवस उरले होते आणि कामं दोन उरली होती. एक त्याला काहीही करून संपवायचं होतं. दुसऱ्याला तो हात लावत नव्हता.

पहिलं काम म्हणजे गस्तीच्या जिपेत रायफल ठेवायचा कुलूपबंद स्टँड. रामदास शस्त्रागारात हवालदार होता. बंदुका उघडायच्या, पुसायच्या, मोडलं-तुटलं दुरुस्त करायचं, हे त्याचं तीस वर्षांचं काम. त्याने दुरुस्त केलेली रायफल शिपायाच्या हातात जायची आणि शिपाई ती घेऊन जिपेत बसायचा. तिथे ती ठेवायला जागाच नसायची. शिपाई ती दोन गुडघ्यांत धरायचा, आणि कोणी हिसकावून नेऊ नये म्हणून एका साखळीने कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. जीप चालू आहे तोवर हे चालून जायचं. शिपायाला धावत खाली उतरावं लागलं की पंचाईत.

गेल्या फेब्रुवारीत मांजरी गावच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉलीने एका रिक्षाला उडवलं. गस्तीची जीप मागेच होती. ड्रायव्हर सर्जेराव आणि रायफलवाला बद्रीनाथ, दोघंच. बद्रीनाथ उलटलेल्या रिक्षात वाकला आणि आतल्या बाईला ओढायला लागला. कमरेची रायफल झुलली आणि नळी त्या बाईच्या कपाळावर आपटली. त्याने रायफल मागे सारली, परत वाकला, परत आपटली. तिसऱ्या वेळी त्याने साखळी सोडली, रायफल जिपेच्या सीटवर टाकली आणि बाईला उचललं. दोघं तिला घेऊन समोरच्या दवाखान्यात पळाले. पंधरा मिनिटं रायफल उघड्या जिपेत एकटी पडून होती. म्हणजे एकटी नव्हती. फाट्यावर रसाचं गुऱ्हाळ चालवणाऱ्या मथुराबाईंनी जिपेचं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. एक-दोघं डोकवायला आले, त्यांना म्हणाल्या, "काय बघताय, पिक्चर हाय का?"

बाई वाचली. बद्रीनाथच्या सेवापुस्तकात मात्र लाल शाईचा शेरा बसला, शस्त्र बेवारस सोडल्याचा.

हे सगळं रामदासने घरी बायकोला सांगितलं. कुसुम मेथी निवडत होती.

"मग त्याने काय करायला हवं होतं?" तिने विचारलं.

"रायफल सोडायला नको होती."

"आणि बाईला?"

कुसुमने मेथीची काडी बाजूला टाकली. "अहो, मी दहा मिनिटांसाठी खाली गेले तरी कपाटाला कुलूप लावून जाते. तुमच्या जिपेला साधं कपाट नाही?"

त्याच संध्याकाळी रामदासने कॅलेंडरचं जानेवारीचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पहिलं चित्र काढलं. कुसुमने ते बघून दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर होते, म्हणून त्याला दुसरं पान फाडावं लागलं. एप्रिलपर्यंत पाच पानं झाली. "आता वर्ष संपायच्या आत करा, नाहीतर तारखा बघायला कॅलेंडर उरायचं नाही," ती म्हणाली.

जूनमध्ये कुसुम गेली. आधी ताप आला, मग हॉस्पिटल, मग सहा दिवस, आणि संपलं.

तेराव्यानंतर लोक रामदासला म्हणाले, आता थोडेच महिने राहिलेत, रजा टाका, आराम करा. रामदासने रजा टाकली नाही. त्याने पाचवं पान घेतलं, मोटार विभागाकडून पत्रा मागून घेतला आणि स्टँड बनवला. खाली रायफलचा दस्ता बसेल असा लोखंडी पेला. वर एक जबडा. तो बंद झाला की रायफलचा मधला भाग, घोड्यासकट, आत झाकला जायचा. जबडा नुसता ढकलला की बंद व्हायचा, पण उघडायला किल्ली लागायची. शिपाई उडी मारण्याआधी एका हाताने रायफल ढकलणार आणि दोन्ही हात मोकळे घेऊन पळणार. एवढंच हवं होतं.

किल्ली रायफलवाल्याच्या गळ्यातल्या दोरीत. चाचणीसाठी सर्जेरावच्या जिपेत स्टँड बसवला तेव्हा दुसऱ्याच दिवशी ती किल्ली जिपेच्या किल्लीच्या जुडग्यात दिसली.

"ही इथे कोणी लावली?" रामदासने विचारलं.

"मीच की. हरवायला नको म्हून."

"आणि जीप पळवली कोणी तर?"

सर्जेरावने जरा विचार केला. "तर त्याची सोय व्हईल," तो म्हणाला, आणि मुकाट्याने किल्ली काढून बद्रीनाथला दिली.

दुसरं काम कपाटाचं. घरात कुसुमचं लोखंडी कपाट होतं, लग्नातलं. किल्लीच्या भोकावरचं पितळी झाकण कधीच पडून गेलं होतं आणि भोकातून मुंग्या आत शिरायच्या. कुसुमने त्यावर आपल्या पद्धतीने तोड काढली होती. ती भोकावर स्वतःची एक टिकली चिकटवायची. कपाट उघडायचं असलं की टिकली काढून आरशावर लावायची, किल्ली फिरवायची, काम झालं की टिकली परत भोकावर. रामदास तिला चिडवायचा, "कपाटाला सवाष्ण करून ठेवलंस." जूनमध्ये हॉस्पिटलला निघताना तिने कपाटातून शाल काढली होती आणि टिकली परत लावली होती. ती अजून तिथेच होती. मरून रंगाची, शेंगदाण्याएवढी.

मुलगी तनया खराडीला कंपनीत होती, तिथेच राहायची. ती तीनदा म्हणाली होती, "बाबा, आईच्या साड्यांना हवा लागायला पाहिजे. उघडू या ना." रामदास तिन्ही वेळा म्हणाला होता, "बघू."

दसऱ्याला शस्त्रपूजा असते. अंगणात पांढरी चादर घालून सगळ्या बंदुका मांडतात, हार, नारळ, सगळं साग्रसंगीत. गाड्याही धुऊन उभ्या असतात. सगळे अधिकारी हजर असतात म्हणून स्टँडचं प्रात्यक्षिक त्याच सकाळी ठेवलं होतं. उपायुक्त मॅडमना पसंत पडला तर नऊच्या नऊ जिपांत बसणार. नाही पडला तर कागद कपाटात जाणार आणि रामदास घरी.

दर दसऱ्याला कुसुम त्याच्या डब्याच्या पिशवीत एक छोटी डबी ठेवायची. कालवलेलं कुंकू आणि अक्षता. "तुमच्या हत्यारांना लावा, दुसऱ्याच्या ताटातलं नको," म्हणायची. या वर्षी डबी रामदासने स्वतः भरली. पाणी जरा जास्त झालं.

पूजा आटोपली तसा तो सर्जेरावच्या जिपेकडे गेला. सर्जेरावने बॉनेटवर झेंडूचा हार घातला होता आणि आरशाला आंब्याचा डहाळा. रामदासने डबी उघडली, अंगठा बुडवला आणि स्टँडला कुंकू लावलं. लावायला सपाट आणि मधोमध अशी जागा एकच होती, कुलपाचा गोल. कपाळाला लावावं तसं खालून वर अंगठा ओढला आणि वर चिमूटभर अक्षता दाबल्या. हात जोडले. तेवढ्यात मॅडम आल्याच.

मॅडमचं नाव शेफाली रणपिसे. कमी बोलायच्या. शेजारी मोटार विभागाचे निरीक्षक श्रीधर साठ्ये हातात फाइल घेऊन उभे होते. हे त्याहून कमी बोलायचे, पण बोललेलं दोन-दोन वर्षं लोकांच्या लक्षात राहायचं.

"ठेवा," मॅडम म्हणाल्या.

बद्रीनाथने रायफल पेल्यात टेकवली, जबडा ढकलला. खट्ट करून बंद. उडी मारून तो खाली उतरला. मॅडमनी हातातल्या घड्याळाकडे बघून मान हलवली. "छान. आता काढा."

बद्रीनाथने गळ्यातली किल्ली घातली. किल्ली अर्धी गेली आणि थांबली. त्याने जोर केला. परत काढून घातली. फुंकर मारली, परत घातली. त्याच्या मानेवर घाम आला. जमलेल्या शिपायांत खसखस सुरू झाली.

"रामदास," साठ्ये साहेब शांतपणे म्हणाले, "चोरांपासून बंदूक सुरक्षित केलीत. ती पोलिसांपासूनही झाली."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

रामदासने खिशातली टाचणी काढली आणि कुलपापुढे गुडघे टेकले. कुंकवाचा चिखल काढता काढता दहा मिनिटं गेली. शेवटी टाचणीच्या टोकावर तांदळाचा एक दाणा आला, भिजून फुगलेला, लाल. मग किल्ली फिरली.

"दहा मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "रस्त्यावर ही कोण देणार आहे?"

साठ्ये साहेब जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "कुलूप हलकं निघालं असं मी लिहितो. तुमच्यावर काही येत नाही. नवं कुलूप मागवू, ते येईल तेव्हा येईल. तुम्ही तोवर सुटलेले असाल."

हे ते चांगुलपणाने म्हणत होते, ते रामदासला कळलं. पण त्याने तांदूळ तळहातावर घेतला आणि मॅडमपुढे धरला.

"कुलूप चांगलं आहे मॅडम. हा दाणा मी घातला. आत्ता, तुम्ही यायच्या आधी."

मॅडमनी दाण्याकडे बघितलं. "मग सोपं आहे. सूचना काढू. स्टँडला कुंकू, अक्षता लावू नयेत."

"सूचना पाळली जाणार नाही, मॅडम."

"का?"

"स्टँड मी बनवलाय. भोक कुठे आहे ते माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. तरी मीच लावलं." त्याने दाणा मुठीत मिटला. "पुढच्या दसऱ्याला नऊ जिपा असतील. कोणीतरी लावणारच. माणसं बदलायची नाहीत, कुलूप बदलायला पाहिजे. पूजा सोसेल असं."

मॅडमनी साठ्ये साहेबांच्या हातातली फाइल घेतली, उघडली, तारीख बघितली. "पंधरा तारखेला सकाळी. एकदाच."

"चालेल."

दुपारी तनया आपट्याची पानं घेऊन आली. पाया पडली, पानं हातात दिली. रामदासच्या अंगठ्याला अजून कुंकू होतं.

"कसं झालं प्रेझेंटेशन?"

"पडलं."

"म्हणजे? स्टँड पडला?"

"नाही. मी पडलो." त्याने तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मग तिला हसू आलं आणि तिने तोंडावर हात धरला. "सॉरी बाबा. पण आई असती तर काय म्हणाली असती माहितीय?"

"काय?"

"अहो, भोकात कोणी कुंकू लावतं का, टिकली लावायची."

तिने ते गंमत म्हणून म्हटलं होतं. रामदास उठला आणि आतल्या खोलीत गेला. चार महिने तो त्या कपाटाकडे पाठ करून कपडे घालत होता. आता समोर उभा राहिला. टिकली जागच्या जागी होती. कडेला धूळ बसली होती, पण भोक पूर्ण बंद. मुंगी नाही, काही नाही. त्याने वाकून नीट बघितलं, शस्त्रागारात एखादा भाग बघतो तसं.

"बाबा?" तनया दारात होती. "उघडताय?"

"नाही. बघतोय."

दुसऱ्या दिवशी त्याने पितळेच्या तुकड्यातून रुपयाएवढी चकती कापली आणि कुलपाच्या भोकावर एका खिळ्यावर टांगली. अंगठ्याने बाजूला सारायची, किल्ली घालायची, किल्ली काढली की चकती आपल्या वजनाने खाली येऊन भोक झाकणार. टेबलावर झकास चाललं. सर्जेराव जीप घेऊन मांजरीपर्यंत गेला आणि परत आला.

"कसं आहे?"

"टिकटिक करतंय. दर गतिरोधकाला झुलतंय आन भोक उघडं पडतंय. घड्याळ बसवल्यासारखं वाटतंय गाडीत."

मग रामदासने मागे स्प्रिंग लावली. स्प्रिंगवर स्वतःच्या हाताने ओलं कुंकू लावलं आणि दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती चिकटून बसली. त्याने ती काढून टाकली. दहा तारीख झाली होती.

त्या दिवशी घरी आल्यावर तो परत कपाटापुढे उभा राहिला. टिकली कशाने राहते? खिळा नाही, स्प्रिंग नाही. चिकटून राहते. एवढंच. लांब नेली की सुटते, जवळ आणली की बसते.

अकरा तारखेला तो बुधवार पेठेत गेला. स्पीकर, तारा, सुटे भाग विकणाऱ्या गल्लीत एका दुकानात त्याने विचारलं, "लोहचुंबक आहे का? बटणाएवढं, जोरदार."

दुकानदाराने मोबाइलवरून नजर काढली नाही. "किती?"

"आधी एक. चालतंय का बघतो. मग आणखी आठ."

"आम्ही नगावर विकतो, प्रयोगावर नाही."

"मग एक नग द्या."

दुकानदाराने वर बघितलं, गणवेश बघितला. "पोलिसांना कशाला?"

"टिकली चिकटवायची आहे."

दुकानदाराने आणखी काही विचारलं नाही.

रामदासने चकतीच्या मागे, भोकाच्या कडेला येईल असं लोहचुंबक बसवलं. स्टँडचा पत्रा लोखंडी. अंगठ्याने चकती सारली की सुटायची, सोडली की खाली येऊन टक्कन पत्र्याला चिकटायची. तनयाच्या सांगण्यावरून त्याने चकतीची कडा भोकापेक्षा चांगली रुंद ठेवली. "आईची मोठी असायची बघा, भोकाला पुरून उरायची." सर्जेराव पुन्हा मांजरीला जाऊन आला, या खेपेला मुद्दाम उसाच्या शेतातल्या रस्त्याने.

"आवाज?"

"कसला आवाज? गप बसलीय."

"कोण?"

"टिकली," सर्जेराव म्हणाला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दिसलं तसं म्हणाला.

पंधरा तारखेला सकाळी अंगणात जीप उभी होती. मॅडम आल्या. साठ्ये साहेब आले, आणि त्यांच्या हातात फाइल नव्हती, पूजेचं ताट होतं.

"मला वाटलं परीक्षा नीट घ्यावी," ते म्हणाले.

बद्रीनाथने रायफल ठेवली. खट्ट. चकती आपल्या जागी होती, पिवळी, चकचकीत, मधोमध. मॅडमनी स्वतः अंगठा कुंकवात बुडवला आणि चकतीवर ओढला. दुसरी जागा त्यांनीही शोधली नाही. मग अक्षता घातल्या, चिमूटभर नाही, मूठभर. साठ्ये साहेबांनी नारळ फोडला आणि अर्ध्या करवंटीतलं पाणी शांतपणे कुलपावर ओतलं.

"हळदही आहे," ते म्हणाले.

"टाका," रामदास म्हणाला.

हळद टाकली. स्टँड खंडोबाच्या पायरीसारखा दिसायला लागला.

"काढा," मॅडम म्हणाल्या.

बद्रीनाथने अंगठ्याने चकती सारली. खालचं भोक कोरडं होतं. किल्ली सरळ आत गेली, फिरली, जबडा उघडला, रायफल हातात. मॅडमनी घड्याळ बघितलं. "चार सेकंद. परत."

परत केलं. आणखी तीनदा केलं. पाचव्या वेळी बद्रीनाथला बोलायची गरज नव्हती, पण तो बोलला. "मॅडम, फेब्रुवारीत हे असतं तर मी बाईला पहिल्याच झटक्यात काढलं असतं."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुमचा शेरा मला पाठवा," त्या म्हणाल्या. "परत बघते." आणि मग रामदासला, "नऊ जिपा. महिनाअखेरपर्यंत होतील?"

"होतील."

मॅडम गेल्यावर साठ्ये साहेबांनी मोटार विभागात बसून मंजुरीचा कागद भरायला घेतला. स्टँडच्या प्रत्येक भागाचं नाव लिहायचं होतं. पेला, जबडा, कुलूप, बिजागरी. शेवटी पेन थांबलं.

"हे काय लिहू? कुलूपछिद्र संरक्षक चकती?"

"टिकली लिहा, साहेब."

"सरकारी कागदावर टिकली?"

"हो."

"वरून विचारलं, हा तांत्रिक शब्द कुठला, तर?"

रामदासने कागदावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "सांगा, ज्यांनी ही युक्ती पहिल्यांदा वापरली त्यांचा शब्द आहे."

साठ्ये साहेब कुसुमच्या दहाव्याला वैकुंठ स्मशानभूमीत आले होते. त्यांनी चष्मा वर केला, रामदासकडे बघितलं आणि त्यांना सुचलेलं काहीतरी गिळलं. पंचवीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत असावं. त्यांनी लिहिलं: टिकली, पितळी, नग एक.

संध्याकाळी रामदासने तनयाला फोन केला. "ये. कपाट उघडायचंय."

ती आली तेव्हा तो कपाटापुढे खुर्ची टाकून बसला होता. किल्ली हातात होती. त्याने नखाने टिकलीची कड उचलली. ती सहज सुटली, चिकट संपलं होतं. ती त्याने आरशावर लावून बघितली, पण राहिली नाही, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली. किल्ली फिरवली. आत साड्यांचे गठ्ठे, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि वरच्या कप्प्यात कॅलेंडरची पहिली चार पानं घडी करून ठेवलेली. त्याला वाटलं होतं ती रद्दीत गेली.

तनया गठ्ठा मांडीवर घेऊन रडायला लागली. रामदासने तिला रडू दिलं. मग ती साड्या एकेक करून गॅलरीत वाळत घालायला लागली आणि तो तिला चिमटे देत गेला.

साड्या आत घेतल्यावर कपाट बंद केलं. तनयाने आरशाच्या खणातून आईचं टिकल्यांचं पाकीट काढलं. अर्धं शिल्लक होतं. तिने एक टिकली काढून बाबांच्या बोटावर दिली. रामदासने ती किल्लीच्या भोकावर नीट मधोमध बसवली आणि अंगठ्याने दाबली.

"आता उघडायचं तर परत काढावी लागेल," तनया म्हणाली.

"काढू. परत लावू. पाकीट आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो शस्त्रागारात होता. एक जीप झाली होती, आठ राहिल्या होत्या, आणि हातात पंधरा दिवस होते. त्याने पितळेचा पत्रा टेबलावर घेतला, परकार उघडला आणि दुसऱ्या टिकलीचा गोल आखला.